बेडूक जरा मध्ये आणा

‘सह्याद्रीतला पाऊस, आठ तास, शांत झोपेसाठी’ अशा छापाची रेकॉर्डिंगं आता ढिगानं मिळतात. ती ऐकणाऱ्यांशी माझं भांडण नाही. झोप लागत असेल तर लागू दे. भांडण आहे ते बनवणाऱ्यांशी, आणि त्या नावातल्या ‘सह्याद्री’ या शब्दाशी. इयरफोन लावून नीट ऐकलं तर पुष्कळदा लक्षात येतं की तोच थेंब त्याच पानावर थोड्या थोड्या वेळानं पुन्हा पडतो आहे. पाऊस एकीकडचा, बेडूक दुसरीकडचे, गडगडाट तिसऱ्याच कुठल्या देशातला. सगळं एकावर एक रचायचं, सॉफ्टवेअरमध्ये काही डावीकडे ढकलायचं, काही उजवीकडे, आणि त्याला स्टिरिओ म्हणायचं. मी याला स्टिरिओ मानत नाही. निसर्गाच्या ध्वनिमुद्रणात स्टिरिओ ही एका जागेची, एका वेळेची, दोन माइकांनी दिलेली साक्ष असते. ती नंतर घरी बसून तयार करता येत नाही.

का येत नाही, हे समजायला आपले कान पुरे आहेत. डाव्या हाताला बेडूक ओरडला की तो आवाज डाव्या कानावर आधी पोचतो, उजव्या कानावर किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सहा-सात दशांश मिलिसेकंदाचा, पण मेंदूला तेवढा पुरतो. शिवाय मध्ये डोकं असतं. बारीक, उंच आवाजांची त्या डोक्याआड सावली पडते, म्हणून उजव्या कानाला ते मंद लागतात. खर्जातले आवाज मात्र डोक्याला वळसा घालून जातात आणि त्यांची दिशा मुख्यतः वेळेच्या फरकावरून कळते. ओढ्याकाठच्या रात्री अशा शेकडो आवाजांचे शेकडो फरक एकाच वेळी कानांवर पडत असतात, आणि त्यांतून ‘मी इथे उभा आहे’ ही जाणीव तयार होते. एका माइकनं घेतलेला बेडूक नंतर डावीकडे सरकवला, तर तो डावीकडे मोठा ऐकू येतो, एवढंच. त्याच्या मागची दरी आणि समोरच्या खडकावरून परतलेला त्याचा आवाज कुठून आणणार?

आता माझी दुसरी तक्रार. ती प्रामाणिकपणे रानात जाऊन रेकॉर्डिंग करणाऱ्यांशी आहे. हातात मावणाऱ्या कित्येक रेकॉर्डरांवर दोन छोटे माइक एकमेकांवर तिरके बसवलेले असतात. याला एक्स-वाय म्हणतात. दोन्ही माइक जवळजवळ एकाच बिंदूवर असल्यामुळे त्यांच्यात वेळेचा फरक नसतोच. दिशा कळते ती फक्त लहानमोठ्या आवाजावरून. या कुळाची तात्त्विक बैठक ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानं १९३१च्या पेटंटात घातली, आणि त्या माणसाबद्दल मला आदरच आहे. पण एकाच बिंदूवरचे माइक लोकप्रिय राहण्यामागे एक व्यावहारिक कारण होतं: दोन्ही बाजू एकत्र करून मोनो रेडिओवर वाजवल्या तरी आवाज बिघडत नाही. ज्यांच्या श्रोत्यांच्या घरी एकच स्पीकर होता, त्यांच्यासाठी हे शहाणपण होतं. आज माझा श्रोता लोकलमध्ये उभा राहून इयरफोननं ऐकतो. त्याच्या दोन कानांसाठी मी वेळेचा फरकच फेकून का द्यायचा?

एक्स-वायचे समर्थक म्हणतात की त्यात दिशा पक्की येते. येते ना, समोर रंगमंच असेल तेव्हा. डावीकडे तबला, उजवीकडे तंबोरा, मध्ये गवई. नव्वद अंशांत लावलेल्या एक्स-वायमध्ये मात्र आवाज जवळजवळ पूर्ण बाजूला असेल तेव्हाच एका टोकाला जातो. बाकी सगळे मध्यावर दाटी करतात. रानाला रंगमंच नसतो. तिथे रातकिडे चहूबाजूंनी असतात, आणि एक्स-वाय त्या सगळ्यांची समोर एक जुडी बांधून देतं.

याला उत्तरं जुनी आहेत आणि सोपी आहेत. फ्रेंच सरकारी नभोवाणीची ‘ओआरटीएफ’ मांडणी: समोरचं जास्त ऐकणारे दोन कार्डिऑइड माइक, मध्ये १७ सेंटिमीटर, कोन ११० अंश. डचांची ‘एनओएस’: ३० सेंटिमीटर, ९० अंश. स्विस रेडिओतल्या युर्ग येक्लीननं चहूबाजूंचं ऐकणारे दोन ऑम्नी माइक घेतले आणि मध्ये मऊ अस्तराची गोल तबकडी उभी केली, म्हणजे डोक्याचीच नक्कल. यांपैकी काहीही चालेल. माझा स्वतःचा पक्षपात सर्वांत स्वस्त प्रकाराकडे आहे: माणसाच्या डोक्यापेक्षा थोडं जाड खोड निवडायचं, त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला कानाच्या उंचीवर एकेक ऑम्नी बांधायचा आणि निघून जायचं. खोड डोक्याचं काम करतं. हिला कोणी तंत्र म्हणायला तयार नसतं, कारण तिच्यात विकत घ्यायला फारसं काही नाही.

महागड्या माइकांचा मुद्दा लगेच येतो, तो अर्धा खरा आहे. प्रत्येक माइकला स्वतःची एक सूं असते. जानेवारीतल्या पहाटेच्या शांततेत ती आड येते, तिथे पाच डेसिबलची सूं आणि वीस डेसिबलची सूं यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. पण जुलैत आंबोलीला बेडकांचा गजर सुरू असताना ही चिंता कशाला? तिथला शत्रू दमटपणा. हवा ओली झाली की भारी स्टुडिओ माइकही चरचरायला लागतात. आणि माइकपेक्षा जागा महत्त्वाची. धबधब्याच्या तोंडाशी माइक लावला तर पाण्याच्या खळखळाटाखाली बाकी सगळं बुडतं. तीस-चाळीस पावलं मागे, जमिनीच्या एखाद्या उंचवट्याआड गेलात की पाणी मागे सरतं आणि तेच बेडूक सुटे सुटे ऐकू येऊ लागतात. एखादा रातकिडा माइकपासून हातभर अंतरावर बसला असेल तर सगळ्या रात्रीवर त्याचंच राज्य. म्हणून आधी अंधारात उभं राहून कानांनीच जागा शोधावी लागते. माणूस जवळ गेला की बेडूक गप्प होतात. तो लांब गेल्यावर एक धीट बेडूक सुरुवात करतो, मग दुसरा, मग सगळे. ही सुरुवात रेकॉर्डिंगमध्ये राहू द्यावी असं मला वाटतं. बहुतेक जण ती कापतात.

कापाकापीवरून आठवलं. एका माहितीपटासाठी माझं असंच एक रेकॉर्डिंग घेतलं होतं. संकलकाचा फोन आला, ‘सर, बेडूक डावीकडे फार आहेत. जरा मध्ये आणा ना.’ मी म्हटलं, ओढा डावीकडे होता. ‘हो, पण पडद्यावर ओढा उजवीकडे आहे.’ मग त्यांनी दोन्ही बाजूंची अदलाबदल केली, दूरचा ट्रकचा आवाज पुसला, त्या पुसण्यात पावसाचा खर्जही गेला, आणि वर एक पावशा टाकला. मध्यरात्री पावशा ओरडतो, त्याला माझी हरकत नाही. पण तो त्या रात्री तिथे नव्हता.

‘कुणाला कळतंय?’ हे यावरचं नेहमीचं उत्तर. कळत नाही, हाच तर घोटाळा आहे. इंग्रजी कार्टूनांतला बेडूक ‘रिबिट’ करतो, कारण हॉलिवूडनं कॅलिफोर्नियातल्या एका बेडकाचा आवाज जगभरच्या जंगलांत वाजवला. तसं ओरडणारा बेडूक आपल्याकडे नाही, तरी आपली मुलं बेडकाची नक्कल ‘रिबिट’ अशी करतात.

पक्ष्यामागे धावणारा एकाग्र माइक वाईट, असं मी म्हणत नाही. ताटलीसारखा परावर्तक किंवा शॉटगन माइक पक्षी ओळखण्यासाठी लागतोच. पक्ष्याचं पहिलं ज्ञात रेकॉर्डिंग १८८९चं: लुडविग कोख या आठ वर्षांच्या जर्मन मुलानं मेणाच्या नळकांड्यावर घेतलेला शामा. तो पक्षी आपल्या सह्याद्रीतलाही रहिवासी, पण कोखचा शामा पाळलेला होता. म्हणजे आरंभापासूनच पक्षी एकीकडे आणि रान दुसरीकडे. १९३५ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या ॲलन आणि केलॉग यांनी लुइझियानातल्या सिंगर ट्रॅक्ट या जंगलात हस्तिदंती चोचीच्या सुताराचा आवाज परावर्तकानं टिपला. तो पक्षी आता बहुधा उरलेला नाही, म्हणून ते रेकॉर्डिंग अमोल आहे. पण ते जंगलही पुढच्या दशकात तोडलं गेलं. त्या दलदलीतली एक पहाट चहूबाजूंनी कशी ऐकू येत होती, हे परावर्तक सांगू शकत नाही. त्यांच्याकडे साधनं नव्हती. आपल्याकडे खिशात मावणारी आहेत.

बर्नी क्राउझचं उदाहरण यापुढचं. १९८८ साली त्यानं सिएरा नेवाडातल्या लिंकन मेडोमध्ये पहाट रेकॉर्ड केली. मग तिथे ‘निवडक’ वृक्षतोड झाली. जंगलाला धक्का लागणार नाही, असं कंपनीनं सांगितलं होतं. वर्षभरानं तो त्याच जागी, त्याच दिवसांत परतला. डोळ्यांना कुरण जवळपास तसंच दिसत होतं. रेकॉर्डिंगमध्ये पक्ष्यांचा गजर ओसरलेला होता. ही तुलना कशामुळे शक्य झाली? पहिलं रेकॉर्डिंग त्या जागेचं होतं म्हणून. त्यात वरून एक पावशा टाकलेला असता, तर ते पुरावा म्हणून कवडीचंही उरलं नसतं.

सह्याद्रीत आज रस्ते रुंद होताहेत, सडे खणले जाताहेत, दरीच्या तोंडावर बंगले उभे राहताहेत. आणखी वीस वर्षांनी कुणी विचारेल, आंबोलीच्या एखाद्या सड्यावर जुलैतल्या रात्री किती प्रकारचे बेडूक कुठून कुठून ओरडायचे? तेव्हा आपण त्याच्या हाती काय देणार आहोत, मध्ये आणलेले बेडूक?

ट्रकचा आवाजही म्हणूनच राहू द्यावा. तो किती वाजता, किती वेळ आणि कुठल्या बाजूनं येत होता, हेही त्या जागेबद्दलचंच बोलणं आहे. झोपेसाठी हवं असेल तर त्याची वेगळी प्रत काढा, पुसा, हवं ते मिसळा. मूळ प्रत मात्र जशीच्या तशी ठेवा आणि तिच्यासोबत लिहा: जागा, तारीख, वेळ, माइक कोणते, त्यांच्यात अंतर किती, कोन किती, तोंड कुठल्या दिशेला, कापलं-जोडलं आहे की नाही. दोन ओळींत मावतं हे सगळं. ज्यांना ते लिहायचं नाही, त्यांनी फाइलच्या नावातून सह्याद्री काढून टाकावा. ‘पाऊस, आठ तास’ एवढंही पुरेल. झोप तेवढीच लागेल.