दिवाळीनंतरचा पट

दुसरं सत्र सुरू झालं की कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांच्या दारात नवी मुलं येऊन उभी राहतात. बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, शिरूर कासारची, शेजारच्या पाथर्डीची. साखर कारखाने सुरू झालेले असतात, ऊसतोडीच्या टोळ्या उतरलेल्या असतात आणि गावाबाहेरच्या माळावर कोप्या उभ्या राहिलेल्या असतात. आईबाप पहाटेच कोयता घेऊन फडात गेलेले. कुणा ताईच्या कडेवर धाकटा भाऊ असतो. शाळेची चौकशी बहुधा तीच करते.

त्यांना प्रवेश द्यायचा की नाही, हा प्रश्न २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने निकालात काढला आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून मूल परत पाठवता येत नाही (कलम ५), वयाचा पुरावा नाही म्हणून नाही (कलम १४) आणि वर्ष निम्मं सरलं म्हणूनही नाही (कलम १५). आपल्या वाचकांपैकी बहुतेकांना ही कलमं पाठ आहेत. पटावर नाव चढल्यानंतर त्या मुलाचं वर्गात काय होतं, यावर मात्र शिक्षण परिषदेत कुणी बोलत नाही. तिथे चर्चा होते ती ऑनलाइन नोंदीची.

वर्गात काय होतं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. नोव्हेंबरपर्यंत गट पडलेले असतात, बाकं वाटली गेलेली असतात, खेळातले भिडू ठरलेले असतात. रिकामी जागा शेवटच्या बाकावर असते, म्हणून नवं मूल तिथे बसतं. हजेरीला त्याचं नाव रजिस्टरच्या मागे खोचलेल्या सुट्या कागदावरून, सगळ्यांचं झाल्यावर पुकारलं जातं. गणवेश नसतो. ताट आणलेलं नसतं, म्हणून पोषण आहाराच्या रांगेत ते आपोआप शेवटी जातं. यात कुणाचाही दुष्टावा नाही. पण आठवड्याभरात सगळ्या वर्गाला कळतं की हे मूल शेवटी मोजायचं असतं. पुढचं काम मुलं करतात. ‘कोपीवरची’ हे नाव पडतं आणि ते नाव एखाद्या शिक्षकाच्या तोंडूनही सहज निघून जातं.

यात आणखी एक गाठ आहे. शेजारच्या बाकावर बसलेला मुलगा ऊस पिकवणाऱ्या घरातला असतो. टोळी कधी येणार, तोड कधी मिळणार, खुशाली किती मागतात, ही बोलणी तो घरी रोज ऐकतो. ऊस वाळायला लागला की बापाचा जीव टांगणीला लागतो आणि सगळा राग टोळीवर निघतो. त्याच टोळीतली मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच्या वर्गात येऊन बसते. तेव्हा वर्गाच्या पाटीवर आधीच बरंच काही लिहिलेलं असतं.

अशा वेळी आपण दोन गोष्टी हमखास करतो. पहिली, परिपाठाला भाषण: ‘मुलांनो, ही आपली नवी मैत्रीण, तिला सांभाळून घ्या.’ सांभाळून घ्यायची म्हणजे ती आपल्यापेक्षा कमी, एवढंच मुलांच्या कानात शिरतं. दुसरी गोष्ट जास्त सद्हेतूने केली जाते, म्हणून जास्त त्रासदायक. मुलीला पुढे बोलावून ‘सांग बरं, ऊस कसा तोडतात, कोपी कशी बांधतात’ असं विचारायचं. अनुभवाला प्रतिष्ठा देण्याच्या नावाखाली आपण तिला नमुना करून फळ्यापुढे उभं करतो. तिला स्वतःहून सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल. पहिल्या आठवड्यात तर मुळीच नको.

शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाईंनी चौथीच्या वर्गात जे केलं, ते पाहण्यासारखं आहे. एका पाठाचे चार तुकडे करायचे, चौघांच्या गटात एकेकाला एकेक तुकडा द्यायचा, पुस्तकं मिटायची आणि चौघांनी एकमेकांना आपापला भाग शिकवायचा, अशी ती पद्धत. सुरुवातीला त्यांनी पन्हाळ्याचा वेढा घेतला आणि तो प्रयोग साफ फसला. ती गोष्ट तिकडच्या पोरांना तोंडपाठ. नव्या मुलीकडे घोडखिंडीचा भाग होता, पण तिने तोंड उघडायच्या आत बाकीच्यांनी खिंड लढवून मोकळी केली.

मग बाईंनी फुलपाखराचा जीवनक्रम निवडला. अंडी, अळी, कोश, फुलपाखरू. कोश या मुलीकडे. तिचं वाचन अडखळत होतं, म्हणून आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाईंनी तो उतारा तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला, चित्र काढून घेतलं. धाकटा भाऊ तेवढा वेळ टेबलाजवळच्या सतरंजीवर खडूशी खेळत होता. ‘त्याला ठेवून ये’ असं सांगितलं असतं, तर मुलगीही आली नसती, हे बाईंना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी गटात तिची पाळी आली. ‘मपल्याकडं कोश हाय,’ ती म्हणाली आणि गटातले दोघं खदखदले. (ज्या गावात पोरीही ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात, तिथे हे हसणं!) बाई जागच्या हलल्या नाहीत. चौघांनी मिळून भरायचा तक्ता पुरा करायला थोडाच वेळ उरला होता. गटातला तिसरा, गावातल्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा, त्या दोघांवर खेकसला, ‘गप बसा की रं, सांगू दे तिला.’ तो काही दयाळू झाला नव्हता. त्याला कोश हवा होता.

ही पद्धत बाईंची स्वतःची नाही, आणि त्या तसं सांगतही नाहीत. १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाची आणि गोरी मुलं प्रथमच एका वर्गात आली आणि शाळांमध्ये तणाव झाला. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ती आखली. स्पर्धा करणारा वर्ग एकमेकांवाचून अडेल असा करायचा, हा त्यांचा विचार. त्यांच्या मूळ आराखड्यात सारखा तुकडा मिळालेली वेगवेगळ्या गटांतली मुलं आधी एकत्र बसून तयारी करतात आणि मगच आपापल्या गटात जातात. त्यामुळे कच्चं मूल उघडं पडत नाही. वर्ग लहान असेल तर ही तयारी शिक्षकालाच करून घ्यावी लागते. ती वगळली, तर हीच पद्धत नव्या मुलाची नाचक्की करायला पुरेशी आहे.

आमचं म्हणणं इतकंच आहे की नव्या मुलाला वर्गाने सामावून घेणं ही गोष्ट पाठटाचणात यायला हवी. मुलांच्या चांगुलपणावर ती सोडून चालत नाही, कारण चांगुलपणा रोज टिकत नाही. गरज टिकते. हजेरीचा सुटा कागद पहिल्याच दिवशी रजिस्टरमध्ये चढवावा, बाक मधल्या रांगेत द्यावं, केंद्रातून पुस्तकांचा जुना संच मागवावा, दोनचार जादा ताटं कपाटात ठेवावीत. याला निधी लागत नाही. टोळ्यांतली बंजारा मुलं घरी गोरमाटी बोलतात. त्यांच्याबाबतीत पहिले काही दिवस उत्तराची घाई करू नये, ती गप्प असतात तेव्हा ऐकत असतात. पालक सभेला येणार नाहीत. त्यांना भेटायचं असेल तर अंधार पडल्यावर माळावर जावं लागेल, आणि तेव्हाही चूल पेटवायची वेळ असते, हे लक्षात ठेवून.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो, हंगाम संपतो आणि टोळी एका रात्रीत निघून जाते. निरोप वगैरे नसतो. म्हणून शिक्षण हमी पत्रक फेब्रुवारीतच भरून तयार असावं आणि त्याला आपल्या अक्षरातला एक कागद जोडावा: वाचन कुठवर आलं, हातच्याची वजाबाकी येते का, वर्गात कुणाशी जमलं. मूळ शाळेतल्या गुरुजींचा फोन नंबर नोव्हेंबरातच मागून ठेवावा. पट राखण्यासाठी त्यांनीही मुलीचं नाव तिकडे तसंच चालू ठेवलेलं असण्याची शक्यता आहे. फोनवर तो विषय शेवटी काढावा. आधी मुलीबद्दल बोलून घ्यावं.