दहा हजार नकाशे फुकट मिळाले, तर तुम्ही विकणार काय?



मागच्या आठवड्यात सांगलीच्या एका ताईंचा मेसेज आला. इंटिरिअरचा कोर्स झालाय, लॅपटॉपसाठी कर्ज काढलंय, आणि शेजारचा मुलगा मोबाइलवर दोन मिनिटांत हॉलची दहा चित्रं काढून दाखवतोय. "सर, आमचा धंदा सुरू व्हायच्या आधीच बसला का?"

थेट सांगतो. नुसती चित्रं विकायची असतील तर हो, बसला. पण डिझाइन म्हणजे चित्र असं तुम्हाला सांगितलं कुणी?

बार्सिलोनाजवळ कोलोनिया ग्वेल नावाची वसाहत आहे. तिथल्या चर्चसाठी गौदी या आर्किटेक्टने छताला दोऱ्या टांगल्या आणि त्यांना छऱ्यांच्या छोट्या पिशव्या बांधल्या. वजनाने दोरीला जो झोळ पडतो, तो उलटा केला की कमानीचा आकार मिळतो. फोटो काढायचा आणि उलटा धरून बघायचा, बस्स. एक पिशवी सरकवली की सगळ्या दोऱ्या आपोआप नवी जागा घेणार. यात जवळजवळ दहा वर्षं गेली, मग १९०८ ला बांधकाम सुरू झालं. (चर्च पूर्ण झालंच नाही, फक्त खालचा भाग उभा राहिला. तरीही लोक तो बघायला आजही जातात.) आता विचार करा, आकार कुणी काढला? दोऱ्यांनी. पण पिशवी कुठे बांधायची आणि किती वजनाची, हे गौदीने ठरवलं.

आज हेच काम कॉम्प्युटर करतो. ग्रासहॉपर नावाचं एक टूल आहे, २००७ पासून चालू आहे, आता राइनो सॉफ्टवेअरसोबतच येतं. त्यात तुम्ही भिंत काढत नाही, नियम मांडता. खिडकी सरकली की सावली, खर्च, जागा सगळं परत मोजलं जातं. मोबाइलवरचं चित्र काढणारं ॲप वेगळं. त्याला तुमच्या हॉलची उंची माहीत नसते, बीम कुठून जातो ते माहीत नसतं. ते फक्त दिसायला छान असं काहीतरी देतं. लोक दोन्हीला एआय म्हणतात आणि इथेच घोळ होतो.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण टोरंटोचं आहे. तिथे २०१७ मध्ये ऑटोडेस्क कंपनीचं नवं ऑफिस झालं. कॉम्प्युटरने दहा हजारांवर नकाशे तयार केले आणि प्रत्येकाला गुण दिले. पण त्याआधी काय झालं ते बघा. कर्मचाऱ्यांना विचारलं: कुणाच्या जवळ बसायचंय? काम कसं करता? गडबड चालते का? त्यावरून सहा कसोट्या ठरल्या. उजेड, बाहेरचं दृश्य, लक्ष विचलित न होणं वगैरे. आणि मेख अशी की या कसोट्या एकमेकींशी भांडतात. सगळ्यांना खिडकी दिली तर ज्यांना जवळ बसायचंय ते लांब जातात. मग कशाला किती महत्त्व द्यायचं? ते मशीन सांगत नाही. ते माणसांनी ठरवलं.

म्हणून माझं मत सांगतो, पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा. लहान डिझायनरने पर्याय विकणं बंद करावं आणि प्रश्न विकायला लागावं. माझ्या एका विद्यार्थ्याने ॲपमधलं चित्र दाखवून किचनची ऑर्डर पक्की केली. ग्राहक खूश, टोकन मिळालं. सुतार साइटवर गेला तेव्हा कळलं की चित्रात सिंक जिथे आहे तिथे ड्रेनेज लाइनच नाही. फोडाफोड याच्या खिशातून, आणि वर "तुम्हीच तर दाखवलं होतं" हे ऐकावं लागलं. पोरगा हुशार आहे हो, पण मोजमाप घ्यायच्या आधी स्वप्न दाखवून बसला.

ताईंना मी हेच म्हटलं. पहिली भेट फुकट ठेवू नका. मोजमाप आणि प्रश्नपत्रक यांची फी लावा, पुढे काम मिळालं तर ती बिलातून वजा करा. स्वयंपाक किती जण करतात? आजींना रात्री बाथरूमपर्यंत जाताना काय आड येतं? गणपती कुठे बसतो? शिवणयंत्र रोज निघतं की दिवाळीला? ही उत्तरं हातात आली की मग खुशाल ॲप वापरा, वीस पर्याय काढा, त्यातले सतरा स्वतः फेका आणि ग्राहकासमोर तीनच ठेवा. प्रत्येकाखाली लिहा: यात काय मिळतं, काय जातं, किती खर्च.

फी ऐकून काही ग्राहक उठून जातील. ताईंनाही तीच भीती आहे, आणि ती खोटी नाही. कर्जाचा हप्ता चालू असताना "नको" म्हणणं मला इथे बसून सोपं आहे, त्यांना नाही. म्हणून पहिल्या तीन कामांना फी कमी ठेवा म्हटलं, पण शून्य नको.

ताईंच्या प्रश्नपत्रकाचा पहिला खर्डा आलाय, चाळीस प्रश्न आहेत. फार झाले! पुढच्या व्हिडिओत ते पंधरावर कसे आणायचे, ते त्यांच्यासोबतच करून बघू.