सेव्ह केलं, पण पोहोचलं का?

शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख दोन दिवस अलीकडे आली. आम्ही शाळेच्या वेबसाइटवर ती लगेच बदलली, निदान आमची समजूत तशी होती. एका विद्यार्थिनीच्या अम्मींनी सहज फोन केला म्हणून बरं. "सर, इथे तर जुनीच तारीख दिसतेय!"

चूक आमचीच. वेबसाइटच्या फायलींसाठी आम्ही फाइलझिला वापरतो. त्यात फाइलवर राइट क्लिक करून 'व्ह्यू/एडिट' निवडलं की तिची तात्पुरती प्रत आपल्या संगणकावर उतरते आणि नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये उघडते. आपण सेव्ह करतो ती ही प्रत. सर्व्हरवरची फाइल जशीच्या तशी राहते. फाइलझिलाकडे परतलं की तो विचारतो, बदललेली फाइल वर पाठवू का? आम्ही ती चौकट न वाचताच बंद केली होती. (मुलांना प्रश्नपत्रिका नीट वाचा म्हणणारे आम्हीच!)

आता 'येस' दाबतो आणि मोबाइलवर पान उघडून पाहतो. उर्दू सूचना असेल तर सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे ना, तेही बघा. एएनएसआयमध्ये अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.