घाम माणसाचा, श्रेय डब्याचे

व्यायामशाळांच्या शुल्कावरील वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलेच झाले. पण या सवलतीतून वाचणारा पैसा सदस्याच्या खिशात राहणार, की व्यायामशाळेच्याच काउंटरवर रचलेल्या डब्यांवर जाणार? वजन उतरवायला आलेल्या चाळिशीतल्या माणसाची कंबर मोजून होत नाही, तोच त्याच्या हाती चिठ्ठी पडते : प्रोटीन पावडर, फॅट बर्नर, ओमेगा-३, मल्टिव्हिटॅमिन. ‘नुसत्या व्यायामाने भागत नाही, जोड हवीच,’ असे वर ऐकवले जाते. काही महिन्यांनी पोट उतरते, रक्तातली साखर सुधारते. घाम माणसाने गाळलेला असतो आणि श्रेय डबा लाटतो.

जोड हवीच म्हणणाऱ्यांनी पुरावा द्यावा. राबणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता साखर ओढून घेतो. व्यायामात सातत्य असले की इन्शुलिनचे कामही सुधारते. ही करामत स्नायूंची आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील प्रयोगात तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला गेला. निम्म्यांना रोज क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या. गोळ्या न घेणाऱ्यांच्या शरीरात इन्शुलिनचा प्रभाव वाढला, घेणाऱ्यांत वाढला नाही. म्हणजे गोळीने व्यायामाचा लाभच अडवला. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील भारतीयांचा धोका आहार आणि व्यायामाने २८.५ टक्क्यांनी घटला. सोबत मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध दिल्यावर २८.२ टक्क्यांनी. सिद्ध झालेल्या औषधानेही जिथे भर पडली नाही, तिथे पावडरीने कशाच्या जोरावर छाती पुढे काढावी?

तपासणीत ड किंवा ब-१२ ची कमतरता निघाली तर डॉक्टर लिहून देतील ते जरूर घ्यावे. चिठ्ठी लिहिणे प्रशिक्षकाचे काम नव्हे. शरीर कमावण्यासाठी प्रोटीनची पूरके टाळा, असे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्येच बजावले आहे. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापणे नियमाने बंधनकारक आहे. काउंटरवर मात्र तोच डबा औषध म्हणून खपवला जातो. अन्न व औषध प्रशासनाने या काउंटरवर धाडी घालाव्यात आणि प्रशिक्षकांना मिळणाऱ्या कमिशनवर बंदी आणावी.

खरे दुखणे त्याहून मोठे आहे. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दोन दशकांपूर्वीच दाखवले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३९.५ टक्के प्रौढांचे पोट सुटलेले आढळले. या माणसांनी हालचाल करायची कुठे? मैदाने लग्नसमारंभांना भाड्याने जातात, पदपथ वाहनांनी अडतात, शाळेतला पी.टी.चा तास गणिताला दिला जातो. संध्याकाळी चालायला निघालेल्या बाईला उजेडाचा, सलग रस्ता मिळत नाही. कर घटवून सरकारची जबाबदारी संपत नाही. महापालिकांनी शाळांची मैदाने सकाळ-संध्याकाळ नागरिकांना खुली करावीत, पदपथ मोकळे करावेत. हालचालीचा उपाय फुकट आहे. तो करायला जागा देणे हे सरकारचे कर्तव्य आहे.