काविळीला डॉक्टरकडे औषध नाही?

हे वाक्य आमच्या मोहल्ल्यात लहान पोरांनाही पाठ आहे. डोळे पिवळे दिसले की दवाखाना राहिला बाजूला, माळवाल्याकडे धाव. तो चुन्याच्या पाण्याने रोग्याचे हात चोळतो, पाणी पिवळं होतं. झाली कावीळ उतरली! डोक्यावर ठेवलेली काड्यांची माळ रोज लांबत गळ्यात येते. काड्या सुकतात, गाठी सैल होतात, एवढीच त्यातली करामत. (इथे हिंदू-मुस्लिम भेद नाही बरं का, रांगेत सगळेच असतात.)

शिकलेले लोक लगेच म्हणतात, जाहील आहेत. मला हे मान्य नाही. ए आणि ई विषाणूंची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. डॉक्टर खरं तेच सांगतो: आराम करा, वेगळं औषध नाही. पण सांगतो कसं? मान वर न करता, दोन मिनिटांत. यंत्रमागावरच्या कामगाराने तेवढ्यासाठी दिवसाची मजुरी बुडवलेली असते. माळवाला जवळ बसवतो, घरच्यांची खुशाली विचारतो, पथ्य समजावतो, ‘सात दिवसांत बरा होशील’ म्हणतो. शरीराने केलेल्या कामाची वाहवा मात्र त्याच्या पदरात.

तरीही त्याला माफी नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ई-कावीळ झाली, तर 100 पैकी 20 ते 25 बायांपर्यंत जीव जाऊ शकतो. कुणाच्या पित्तनलिकेत खडा अडकलेला असतो, कुणाला कर्करोग असतो. त्यांचे मोलाचे आठवडे माळ लांबण्याची वाट पाहण्यात जातात.

आणि याला दीनचा आधार देणाऱ्यांनी अबू दाऊदच्या संग्रहातली ती हदीस वाचावी, जी वैद्यक येत नसताना उपचार करणाऱ्यालाच नुकसानीचा जबाबदार धरते. प्रत्येक आजारावर अल्लाहने शिफा ठेवली आहे, ही हदीस जुम्याच्या बयानात आपण कितीदा ऐकतो. मग दुसरी का ऐकवली जात नाही?

राहिला पालिकेचा हिशोब. ए आणि ई दोन्ही विषाणू मैला मिसळलेल्या पाण्यातून पोटात जातात. आमच्या गल्लीतली नळाची लाइन गटारातून गेलेली आहे. मौलाना, नगरसेवक आणि माळवाला, तिघेही रोज ती ओलांडून जातात.