दिवा कोणाच्या मालकीचा?

तालुक्याच्या गावी एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या घरी दहा-बारा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला प्रोजेक्टर असतो. शनिवारी रात्री बाहेरच्या खोलीतील भिंतीवर पांढरी चादर ताणली जाते, आळीतील पोरेसोरे सतरंजीवर दाटीवाटीने बसतात, आणि कधी जुना चित्रपट, कधी ग्रहताऱ्यांची चित्रफीत, कधी एखाद्या धरणग्रस्तांच्या लढ्यावरील माहितीपट दाखविला जातो. एका शनिवारी चादर उजळत नाही. यंत्रातील पंखा फिरतो, आवाजही नीट येतो, पण चित्र उमटत नाही. यंत्राच्या अंगावर एक लाल टिकली लुकलुकत राहते. यंत्र बिघडलेले नसते. त्यातील दिव्याचे आयुष्य संपलेले असते, एवढेच.

गुरुजी जिल्ह्याच्या गावी जाऊन चौकशी करतात. अस्सल दिवा मागवावा लागेल, पैसे आगाऊ द्यावे लागतील, असे दुकानदार सांगतो. आणि सांगितलेली किंमत यंत्राच्या मूळ किमतीच्या पाव हिश्श्याहून अधिक भरते. दुसऱ्या दुकानात निम्म्याहून कमी किमतीत ‘तसाच’ दिवा मिळतो, पण त्याची हमी कोणी घेत नाही. तिसरा दुकानदार आपुलकीने सल्ला देतो, “गुरुजी, एवढे पैसे दिव्यात कशाला घालता? थोडी भर घाला आणि नवीनच घ्या.” हा सल्ला दुकानदाराच्या दुष्टपणातून आलेला नसतो. बाजाराची रचनाच अशी केलेली आहे की त्यात तोच सल्ला शहाणपणाचा ठरावा. ही रचना कोणी केली आणि कोणाच्या लाभासाठी केली, हा या साध्या खरेदीमागील खरा प्रश्न आहे.

प्रोजेक्टरचा दिवा ही सामान्य वस्तू नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १९९० नंतरच्या दशकात प्रचारात आलेला हा दिवा पाऱ्याच्या वाफेवर चालतो. क्वार्ट्झच्या बोराएवढ्या फुग्यात टंगस्टनच्या दोन टोकांमध्ये जेमतेम एक मिलिमीटर अंतर असते. त्या फटीत विजेची ठिणगी धगधगत राहते आणि फुग्यातील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दोनशे पटींपर्यंत चढतो. एवढ्याशा बिंदूतून एवढा प्रखर प्रकाश निघतो म्हणूनच भिंतीवर हातरुंद चित्र रेखीव उमटते. अशा दिव्याचे आयुष्य साधारणपणे दोन ते चार हजार तासांचे, आणि मंद प्रकाशावर चालविल्यास त्याहून काहीसे अधिक असते. हे आयुष्य संपणे म्हणजे दिवा विझणेच असे नाही. त्याचा प्रकाश निम्म्यावर आला की आयुष्य संपले असे मानण्याची या धंद्यात रीत आहे. चालू यंत्राची वीज अचानक गेली की पंखा थांबतो, तापलेला फुगा तसाच कोंडतो आणि त्याचे आयुष्य घटते. भारनियमनाच्या गावांत दिवे लवकर जातात त्यामागे हेही एक कारण असते.

दिवा झिजतो, ही निसर्गाची गोष्ट झाली. परंतु झिजलेल्या दिव्याच्या जागी दुसरा सहज बसविता येऊ नये, ही निसर्गाची गोष्ट नव्हे. घरातील छताला लटकणाऱ्या होल्डरात कोणत्याही कंपनीचा बल्ब बसतो; बल्ब आणताना होल्डर कोणत्या कारखान्याचा हे कोणी विचारीत नाही. स्लाइड दाखविणाऱ्या जुन्या प्रोजेक्टरांतही हीच पद्धत होती. चोवीस व्होल्ट, अडीचशे वॉटचा हॅलोजन दिवा ठरलेल्या सांकेतिक अक्षरांनी ओळखला जाई, आणि तो कोणत्याही कारखान्याचा असला तरी यंत्रात चाले. आजच्या प्रोजेक्टरमध्ये काचेचा फुगा एकाचा, त्याभोवतीची प्लॅस्टिकची चौकट दुसऱ्याची आणि चौकटीवरचा क्रमांक तिसऱ्याचा असतो. फुगे तयार करणारे कारखाने जगात मोजकेच आहेत; एकाच घराण्याचे फुगे कितीतरी निरनिराळ्या नावांच्या यंत्रांत जळत असतात. परंतु प्रत्येक यंत्राची चौकट वेगळी, खाचा वेगळ्या, जोडणी वेगळी. एकाच कंपनीच्या दोन यंत्रांनाही पुष्कळदा एक दिवा चालत नाही. त्यातच काही यंत्रे जळालेले तास मोजतात आणि ठरावीक आकडा गाठताच, दिवा शिल्लक असला तरी, उजळण्याचे नाकारतात. किंमत काचेची नसते, पाऱ्याचीही नसते. ती त्या प्लॅस्टिकच्या खाचेची असते. ग्राहक दिवा विकत घेत नाही, आपल्याच यंत्रात शिरण्याचा परवाना विकत घेतो.

दिव्यांच्या धंद्याला ही विद्या नवी नाही. डिसेंबर १९२४ मध्ये जिनिव्हा येथे जगातील प्रमुख दिवे उत्पादकांनी ‘फीबस’ या नावाने एक संघ स्थापिला. जर्मनीची ओसराम, हॉलंडची फिलिप्स, हंगेरीची टुंगस्राम, फ्रान्सची दिव्यांची कंपनी आणि अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकशी संलग्न असलेल्या कंपन्या त्यात होत्या. त्यांनी आपापसांत बाजारपेठा वाटून घेतल्या आणि घरगुती दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणून ठेवले. ज्याचा दिवा त्याहून अधिक काळ जळे त्या सदस्याला दंड होई. दिवा टिकला हाच अपराध ठरावा, अशी ही न्यायव्यवस्था होती. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत हा संघ मोडला.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फार दिवस टिकणारा तारेचा दिवा तेवढ्याच प्रकाशासाठी अधिक वीज खातो. ब्रिटनच्या मक्तेदारीविषयक आयोगाने १९५१ च्या अहवालात एक हजार तासांची मर्यादा सर्वसाधारण वापरासाठी वावगी नसल्याचा निर्वाळा दिला होता. तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य असेलही. परंतु दिवा किती तास जळावा आणि विजेचे बिल किती यावे, यांतील तडजोड दिवा लावणाऱ्याने करावयाची, की बंद दाराआड बसलेल्या पाच-सहा कारखानदारांनी? फीबसचा खरा दोष हजार या आकड्यात नव्हता. तो आकडा ठरविताना ग्राहकाला कोणी विचारले नाही, आणि तो बदलण्याची वाट कोणासाठीही मोकळी ठेवली नाही, यात होता.

आजचे उत्पादक सुरक्षिततेचा मुद्दा पुढे करतात, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. दोनशे पट दाबाचा फुगा निकृष्ट असेल तर तो फुटतो, त्याच्या काचा यंत्रात विखुरतात आणि पाऱ्याची वाफ खोलीत पसरते. अस्सल म्हणून विकल्या जाणाऱ्या बनावट दिव्यांनी अनेक यंत्रांची नासाडी केली आहे. तेव्हा स्वस्त मिळाला म्हणून कोणताही दिवा घरात आणावा, असा उपदेश कोणत्याही जबाबदार कार्यकर्त्याने करू नये. परंतु धोका हा मक्तेदारीचा आधार होऊ शकत नाही. कुकरही दाबावरच चालतो आणि फुटला तर जीव घेतो. म्हणून कुकरचे रबरी कडे आणि सुरक्षा झडप घेण्यासाठी गृहिणीला परदेशी कारखान्याचे दार ठोठवावे लागत नाही. कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात ते मिळते. सुरक्षिततेचे उत्तर सार्वजनिक मानकांत, तपासणीत आणि गुणवत्तेच्या शिक्क्यात असते. एकाच विक्रेत्याच्या हाती किल्ली देण्यात नसते. उलट, अस्सल दिव्याची किंमत अवाच्या सवा असते म्हणूनच बनावट दिव्याचा धंदा फोफावतो. मक्तेदारी आणि बनवेगिरी एकमेकींच्या शत्रू भासतात. प्रत्यक्षात एकीच्या अंगणात दुसरी वाढते.

हे तत्त्व भारतातील कायद्याला अपरिचित नाही. मोटारींचे सुटे भाग खुल्या बाजारात मिळू दिले जात नाहीत, या २०११ मधील तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेले; परंतु आयोगाने मांडलेला विचार मोलाचा होता. नवी मोटार घेताना ग्राहकापुढे अनेक कंपन्या असतात. एकदा ती घेतली की सुट्या भागांसाठी तो एकाच कंपनीच्या दावणीला बांधला जातो, आणि त्या दावणीपुरती ती कंपनी मक्तेदार असते. मोटारीला लागू पडणारा हा न्याय गुरुजींच्या प्रोजेक्टरला लागू पडू नये, असे कोणते कारण दाखविता येईल?

२०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात माहितीचे संकेतस्थळ सुरू झाले आणि मे २०२५ मध्ये मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीयोग्यतेचा निर्देशांक कसा असावा याविषयी अहवाल सादर झाला. ही पावले योग्य दिशेची आहेत. परंतु माहिती देणे आणि हक्क देणे यांत अंतर आहे. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या निर्देशानुसार, ठरावीक वस्तूंच्या उत्पादकांवर वाजवी किमतीत दुरुस्तीची जबाबदारी येते, आणि दुरुस्तीत आडकाठी आणणाऱ्या करारातील अटी वा यंत्रातील क्लृप्त्या यांना मनाई होते. त्याची अंमलबजावणी ३१ जुलै २०२६ पासून करावयाची आहे. त्या यादीतही प्रोजेक्टर नाही. म्हणजे हक्क एकेका वस्तूसाठी झगडून मिळवावा लागतो, हे तेथेही दिसते.

‘थोडी भर घाला आणि नवीनच घ्या’ या सल्ल्याकडे आता पुन्हा वळले पाहिजे. नवे प्रोजेक्टर एलईडीवर वा लेसरवर चालतात, त्यांचे आयुष्य वीस-तीस हजार तासांचे सांगितले जाते आणि त्यांत पाराही नसतो. ही प्रगती खरी आहे. परंतु त्यांतील प्रकाशाचा स्रोत बहुधा ग्राहकाला बदलता येत नाही. तो गेला की पुष्कळदा यंत्रच गेल्यासारखे होते. दिवा बदलण्याची अडचण दूर करण्यासाठी दिवा बदलण्याची सोयच काढून टाकली गेली. आणि जुने यंत्र? त्याचे भिंग शाबूत असते, पंखा शाबूत असतो, चित्र घडविणारा भाग शाबूत असतो. एका फुग्यापायी ते सारे भंगारात जाते. पारा असलेल्या दिव्यांची विल्हेवाट लावण्याचे दायित्व ई-कचऱ्याच्या नियमांनी उत्पादकांवर टाकले आहे. पण तालुक्याच्या गावी तो दिवा परत घेणारे कोणी भेटत नाही. अखेर तो कचरा वेचणाऱ्या बाईच्या हाती फुटतो. स्वस्त नव्या यंत्राच्या किमतीत तिच्या श्वासाचे मोल धरलेले नसते.

आणखी एका वर्गाचा विचार येथे केला पाहिजे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, तेथील कारागिरांनी आधी रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, मग दूरचित्रवाणी संच उघडून, चुकत-माकत, आपली विद्या कमावली. त्यांच्यापैकी अनेकांनी तंत्रनिकेतनाची पायरीही चढलेली नव्हती. यंत्र उघडता येत होते, भाग सुटे मिळत होते, म्हणून ही विद्या वाढली. सुटा भाग नाकारणे म्हणजे ग्राहकाची खिसेकापू करणे एवढेच नव्हे. एका संपूर्ण कसबी वर्गाच्या हातातून पाना काढून घेणे होय.

१९२९ साली गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचण्यासारख्या आहेत. चरखा खेड्यातील झोपडीत चालावा, त्याची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, तो किमान वीस वर्षे टिकावा आणि त्याच्या देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होऊ नये. ते पारितोषिक कोणालाही मिळाले नाही. परंतु यंत्राला विरोध करणारा म्हणून ज्याची टिंगल झाली, त्याच माणसाने यंत्राच्या कसोटीत दुरुस्तीचा खर्च आधी लिहिला होता. आज खरेदीच्या वेळी यंत्राची प्रखरता, चित्राची रुंदी आणि हप्त्यांची सोय सांगितली जाते. दिवा बदलण्याचा खर्च कोणी सांगत नाही आणि कोणी विचारीतही नाही.

तो विचारण्याची सवय लावणे हे कार्यकर्त्यांचे पहिले काम होय. वाचनालय, शाळा, मंडळ, युनियनचे कार्यालय, जेथे जेथे प्रोजेक्टर घेतला जातो तेथे दिव्याचा क्रमांक, त्याची किंमत आणि तो किती वर्षे मिळत राहील याची लेखी हमी मागता येते. शासकीय खरेदीच्या निविदांत ही अट घातली जावी, यासाठी जिल्हा परिषदेत आणि नगरपालिकेत प्रश्न विचारता येतो. हमी नाकारली गेली वा खोटी ठरली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाचा दरवाजा उघडा आहे. आणि याच्या जोडीला मागणी एकच हवी: उत्पादन बंद झाल्यावरही ठरावीक वर्षे सुटे भाग वाजवी किमतीत खुल्या बाजारात ठेवण्याची सक्ती करणारा कायदा.

प्रोजेक्टर ही चैनीची वस्तू, तिच्यासाठी एवढी उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु जी युक्ती आज चैनीच्या वस्तूत रुळते, ती उद्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये आणि रुग्णालयाच्या यंत्रात शिरते. शनिवारच्या रात्री सतरंजीवर बसलेल्या पोरांना बाजाराचे अर्थशास्त्र ठाऊक नसते. त्यांना एवढेच दिसते की यंत्र गुरुजींचे आहे, वीज गुरुजींची आहे, भिंतही गुरुजींचीच आहे, आणि तरी खोलीत अंधार आहे.