आईने कोसळायचे कुठे?

परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर परमुलखातल्या आया आजारी पोरांना कुशीत घेऊन रात्री काढतात. मुंबई हे वर्षानुवर्षे पाहते आणि पुढची लोकल गाठते. लाज वाटली पाहिजे!

लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा. त्यातल्या लिम्फोब्लास्टिक प्रकाराचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात आणि ते पुरे झाले तर बहुतेक मुले वाचू शकतात. पुरे करते कोण? रक्तपेशींचा काउंट उतरलेल्या पोराची कणकण मध्यरात्री ओळखून दवाखाना गाठते कोण? किमोचा जोर ओसरल्यावरही महिनोन्महिने गोळी चुकू देत नाही कोण? बाप कर्ज फेडायला गावी मजुरीवर, धाकटी आजीकडे, आणि इथे एकटी आई. ती खचली की औषध चुकते, उपचार अर्धवट सुटतात आणि बरे होऊ शकणारे मूल हातचे जाते. म्हणून तिचे मन सांभाळणे हा उपचारच आहे. तिच्यावर केलेली मेहेरबानी नव्हे!

या बाईला आम्ही काय देतो? ‘गरोदरपणी काय खाल्लेस?’ ‘कुणाचे पाप भोवले?’ अरे, बहुतेक बालकर्करोगांचे कारण वैद्यकशास्त्रालाही ठाऊक नाही. आईच्या माथी दोष मारण्याचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? आणि जे मायेने येतात तेही बजावतात, ‘तू रडलीस तर पोराने काय करायचे?’ म्हणजे तिला रडण्याचीही बंदी!

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि 2006 पासून सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे या कुटुंबांना छप्पर देतात. त्यांना आमचा दंडवत. पण दात्यांच्या पुण्याईवर सरकारने किती काळ निजायचे? बालकर्करोगग्रस्तांच्या पालकांच्या मनःस्वास्थ्याची वेळोवेळी तपासणी व्हावी, असा निकष जगातल्या तज्ज्ञांनी 2015 मध्येच मांडला. आमच्याकडे रोगाचे नाव ऐकून सुन्न झालेल्या बापाच्या हाती पुढच्या तपासण्यांची चिठ्ठी पडते आणि मागचा नंबर पुकारला जातो.

प्रत्येक बालकर्करोग विभागात समुपदेशकाचे कायम पद हवे. आईबापांच्या भाषेत बोलणारा माणूस निदानाच्या दिवशीच त्यांच्याशेजारी बसला पाहिजे. त्याचा खर्च राज्याच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेने उचलावा. आणि ज्या घरातले मूल गेले, त्या घराची फाइल त्याच दिवशी बंद करण्याचा निर्दयपणा थांबवा; वर्षभर तरी त्यांची विचारपूस करा. आरोग्यमंत्र्यांनी येत्या अर्थसंकल्पात या पदांची तरतूद करावी. आम्ही ती आकड्यांसह तपासणार आहोत.